रानाची ओळख आणि नावाची जबाबदारी

मृग नक्षत्र लागून पऱ्हाटी टोबून झाली आणि धुऱ्याधुऱ्यांवर गवत माजू लागले, की आर्वी तालुक्याच्या शिवारांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : हा साप कोणता? पूर्वी हा प्रश्न विचारला जाण्याआधीच काठी चालत असे आणि मग उत्तराची गरजच उरत नसे. आता काठी उचलण्यापूर्वी खिशातील भ्रमणध्वनी बाहेर निघतो, छायाचित्र काढले जाते आणि ते गावातील, तालुक्यातील किंवा थेट नागपुरातील एखाद्या जाणकाराकडे रवाना होते. काही मिनिटांत उत्तर येते : ‘धामण आहे, मारू नका.’ काठी जागच्या जागी राहते आणि धामण धुऱ्याच्या कपारीत निघून जाते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या घटनेत एक मोठे सामाजिक स्थित्यंतर दडलेले आहे, आणि त्याच्या लाभाबरोबर त्याच्या जबाबदारीचाही विचार व्हावयास हवा.

हे केवळ सापांपुरते मर्यादित नाही. शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, शेती करणारे तरुण, निवृत्त कर्मचारी अशी मंडळी आज गावोगावी एकमेकांना रानातील वनस्पती, पक्षी, फुलपाखरे, कोळी यांची छायाचित्रे पाठवितात आणि परस्परांच्या मदतीने त्यांची नावे निश्चित करतात. आर्वीसारख्या ठिकाणी या छंदाला भूगोलाचे पाठबळ आहे. पश्चिमेस वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा. उत्तरेस आणि पूर्वेस सातपुड्याच्या फाट्यांनी उंच-सखल झालेला सागाच्या पानझडी जंगलाचा प्रदेश. मध्ये कापूस, सोयाबीन आणि तुरीची काळी जमीन. नदीच्या पात्रातील पाणपक्षी, माळरानावरील चंडोल, जंगलातील सुतार आणि पिकातील किडी हे सर्व एका दिवसाच्या भटकंतीत दृष्टीस पडू शकते. वर्धा शहरातील नागरिकांनी २०१८ साली मतदान करून नीलपंख हा आपला नगरपक्षी म्हणून निवडला, यावरून या जिल्ह्यात पक्ष्यांविषयीचे कुतूहल मूठभर अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर पडले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बंदुकीपासून छायाचित्रापर्यंत

प्राण्याला न मारता त्याची ओळख पटविता येते, ही कल्पना तशी अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकात पक्ष्याची ओळख म्हणजे त्याला गोळी घालून, कातडे सोलून, त्यात पेंढा भरून ते संग्रहालयाच्या कपाटात ठेवणे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली, तीही शिकारी आणि हौशी संग्राहक यांच्या पुढाकाराने. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या अजब बंगल्यातील, द अब्र्यू या अभिरक्षकांनी मध्यप्रांतातील फुलपाखरांच्या आणि पक्ष्यांच्या ज्या याद्या सिद्ध केल्या, त्यांचाही पाया संग्रहातील नमुने हाच होता. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाला पक्षी हातात न धरता, चित्रावरून ओळखण्याची वाट मोकळी झाली. दुर्बिणीने बंदुकीची जागा घेतली. नंतर कॅमेऱ्याने दुर्बिणीला साथ दिली. आणि आता भ्रमणध्वनीने कॅमेरा सर्वांच्या खिशात आणून ठेवला.

या प्रवासात एक गोष्ट मात्र बदललेली नाही. नमुना असो वा छायाचित्र, तो केवळ पुरावा असतो, ज्ञान नव्हे. पुराव्याचा अर्थ लावावा लागतो आणि तो लावताना प्रामाणिकपणा लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. रानपिंगळा या लहानशा घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. खानदेशात १८८४ साली जेम्स डेव्हिडसन यांनी मिळविलेल्या नमुन्यांनंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला दिसला नाही. मधल्या काळात जे दावे झाले, त्यांत गावकुसाला सर्रास आढळणाऱ्या साध्या पिंगळ्यालाच रानपिंगळा समजले गेले होते. इतकेच नव्हे, तर १९१४ साली गुजरातेत मिळविला म्हणून संग्रहालयात ठेवलेला माइनर्टझहागेन यांचा नमुना हा वस्तुतः डेव्हिडसन यांचाच, चोरून नव्याने पेंढा भरलेला, असल्याचे पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या संशोधकांनी सिद्ध केले. खोट्या चिठ्ठीमुळे शोध घेणारे चुकीच्या प्रदेशात हिंडत राहिले. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नंदुरबारकडील शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. डोक्यावर ठिपक्यांचा जवळजवळ अभाव, पांढऱ्या पिसांनी भरलेले जाड पाय, छातीवरचा गडद पट्टा अशा खुणांवरून त्याची ओळख पटली. पुढे तो मेळघाटातही आढळला. म्हणजे आर्वीकरांच्या दृष्टीने वर्धा नदीपलीकडच्या शेजारच्याच जिल्ह्यात.

या कथेचा बोध असा, की चुकीचे नाव ही निरुपद्रवी चूक नसते. एका खोट्या नोंदीने शोधकर्त्यांची अनेक वर्षे वाया घालविली. आज पिंगळ्याचे छायाचित्र काढून उत्साहाच्या भरात त्याखाली ‘रानपिंगळा’ असे लिहिणारा हौशी निरीक्षक माइनर्टझहागेन यांच्यासारखा अप्रामाणिक नसतो, हे खरे. परंतु त्याच्या नोंदीचा परिणाम तसाच होऊ शकतो.

नावाची किंमत

नाव चुकल्याने केवळ विद्वानांची गैरसोय होते असे कोणास वाटत असेल, तर त्याने पावसाळ्यातील शिवाराकडे पाहावे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला आहे. हे मृत्यू बव्हंशी ग्रामीण भागातील, शेतात राबणाऱ्यांचे आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सर्वांना नावाने ठाऊक असतात. अडचण ओळखण्याची असते. मण्यार आणि बिनविषारी कवड्या या दोहोंच्या अंगावर आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे बारीक, पुष्कळदा जोडीजोडीने असतात आणि डोक्याकडे अस्पष्ट होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या, षट्कोनी खवल्यांची एक रांग असते. ती कवड्याला नसते. घोणस, डुरक्या घोणस आणि अजगराचे पिल्लू यांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. छायाचित्र अंधारात, घाईत, दहा हातांवरून काढलेले असेल तर यांतील एकही खूण धड दिसत नाही. अशा वेळी ‘कवड्या वाटतो’ असे लिहून मोकळा होणारा माणूस समोरच्याच्या हाताला धैर्य देत असतो, आणि ते धैर्य प्राणावर बेतू शकते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो आणि तो दुखतही नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्काळजीपणाचे गांभीर्य कळून येते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दंश झाल्यानंतर सापाचे छायाचित्र मिळविण्यात अथवा त्याचे नाव येण्याची वाट पाहण्यात एक क्षणही दवडता कामा नये. आपल्याकडील प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे चालते आणि डॉक्टर उपचार करतात ते रुग्णाची लक्षणे पाहून व रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही याची परीक्षा करून. ओळख पटविण्याचे काम दंशापूर्वीचे आहे. सापाला ओळखून न मारणे, त्याच्या वाटेला न जाणे आणि त्याला सुखरूप जाऊ देणे यासाठी ते ज्ञान हवे. सेवाग्रामच्या बापू कुटीत साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चिमटा आजही पाहावयास मिळतो. ज्या जिल्ह्यात हा चिमटा आहे, त्या जिल्ह्याला ही शिकवण परकी वाटू नये.

दुसरे उदाहरण रानभाज्यांचे. पहिल्या पावसाबरोबर विदर्भात तरोट्याची कोवळी पाने खुडली जातात. पश्चिम महाराष्ट्रात यालाच टाकळा म्हणतात. तरोट्याचाच एक भाऊबंद म्हणजे कासविंदा. तोही पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, पिवळ्या फुलांनी बहरतो. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणारा, मेंदूज्वर समजला गेलेला एक जीवघेणा आजार प्रत्यक्षात कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्याने होत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. वर्षानुवर्षे विषाणूचा शोध चालू होता आणि कारण गावाबाहेरच्या उकिरड्यावर उगवत होते. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि त्या टोकाला गोलसर असतात. कासविंद्याच्या पर्णिका संख्येने अधिक आणि टोकदार. तरोट्याची शेंग सडपातळ, लांब आणि वाकडी. कासविंद्याची चपटी आणि आखूड. केवळ पिवळ्या फुलाचे जवळून काढलेले सुंदर छायाचित्र पाहून यांतील भेद कसा करावयाचा? फूल, पान, पानाची मागची बाजू, शेंग आणि संपूर्ण झाड यांची वेगवेगळी छायाचित्रे काढण्याचा जो आग्रह जाणकार धरतात, त्यामागे असे कारण असते.

तिसरे उदाहरण तर सरळ पैशाचे आहे. पऱ्हाटीच्या पानावर काळसर, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची एक अळी फिरताना दिसते. तिचे रूप ओंगळ असल्याने ती पिकाची शत्रू असावी, असे मानून फवारणी केली जाते. वस्तुतः ती ढालकिड्याची अळी असते आणि तिचा आहार म्हणजे पिकावरचा मावा. शेतकरी स्वतःच्या पैशाने स्वतःचा बिनपगारी रखवालदार मारीत असतो. उलट फुलाच्या पाकळ्या आतून चिकटून राहिल्या, ज्याला डोमकळी म्हणतात, तर ती गुलाबी बोंडअळीची खूण होय हे वेळेवर न ओळखल्यास बोंडे आतून पोखरली जातात. विदर्भाने २०१७ साली बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव पाहिला. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. किडीची संख्या आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडीपर्यंत फवारू नये, असा कृषिशास्त्राचा दंडक आहे. परंतु ज्याला कीड कोणती आणि मित्र कोण हेच ओळखता येत नाही, त्याने मोजावयाचे काय? नावाचे अज्ञान हा शेतीच्या उत्पादन खर्चातील, कोणत्याही हिशेबवहीत न दिसणारा, एक घटक आहे.

वाघाचे पट्टे

छायाचित्रावरून ओळख पटविण्याची पद्धत किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण वाघाने घालून दिले आहे. पूर्वी व्याघ्रगणना पावलांच्या ठशांवरून होत असे. कागदोपत्री वाघ असलेल्या राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात प्रत्यक्षात एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ साली उघड झाले आणि त्या पद्धतीवरील विश्वास उडाला. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निराळी असते. तिचा उपयोग करून स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघ मोजण्याचे काम उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे केले आणि पुढे देशभर तीच पद्धत रूढ झाली. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. एकाच बाजूच्या छायाचित्रावर भिस्त ठेवली, तर एका वाघाचे दोन वाघ होतात.

वर्धा जिल्ह्यातील बोर हे १९७० पासूनचे अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तेथील ‘बाजीराव’ हा पर्यटकांचा आवडता वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. मेलेला वाघ कोणता, हे पट्ट्यांची जुन्या छायाचित्रांशी तुलना केल्यावर निश्चित झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रह्मपुरीहून पकडून बोरमध्ये सोडलेली वाघीण, सुमारे पाचशे किलोमीटर भटकून, कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरी शिवारात कुंपणातील विजेच्या धक्क्याने मरण पावली. माणसे मारल्यामुळे तिला ठार करण्याचा आदेश निघाला होता आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिच्या गळ्यात रेडिओ पट्टा असल्याने निदान ती कोण, याविषयी वाद नव्हता. सर्व वाघांच्या गळ्यात पट्टा नसतो. शेतात माणूस मारला गेल्यावर जमाव संतप्त असतो, प्रशासनावर दडपण असते आणि अशा वेळी ‘हाच तो वाघ’ असे म्हणण्याआधी छायाचित्रातील पट्टे शांतपणे ताडून पाहणाऱ्या माणसावर गावकऱ्यांचे आणि वाघाचे, दोघांचेही भवितव्य अवलंबून असते. चुकीचा वाघ मारला गेला, तर खरा वाघ शिवारात मोकळाच राहतो.

छायाचित्र स्वस्त, ओळख दुर्मीळ

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर गेल्या वीस वर्षांत घडलेला बदल सोपा आहे. फिल्मच्या काळात एका रिळात छत्तीस छायाचित्रे येत. फिल्म, धुलाई आणि छपाई यांचा खर्च असे. म्हणून माणूस विचार करून कळ दाबीत असे. आज एका अधिक छायाचित्राचा खर्च जवळजवळ शून्य आहे. छायाचित्रांचा पुरवठा अमर्याद वाढला; परंतु ती पाहून जात सांगू शकणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. गवते, कोळी, पतंग, शेवाळे यांचे जाणकार तर संपूर्ण देशात मोजके. हे सर्व लोक हे काम विनामूल्य, रात्री जागून, केवळ आवडीने करतात. ज्या वस्तूला किंमत द्यावी लागत नाही तिची उधळपट्टी होते, हा नियम येथेही लागू पडतो. अस्पष्ट छायाचित्र, त्याबरोबर ना तारीख ना ठिकाण, आणि खाली एकच प्रश्न : ‘हे काय?’ अशा शेकडो प्रश्नांना उत्तरे देता देता जाणकार थकतात आणि एक दिवस गप्प होतात. तो तोटा सर्वांचा असतो, पण तो भरून काढण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. सार्वजनिक विहिरीवर सर्वांनी पाणी भरावे आणि गाळ मात्र कोणी काढू नये, तसा हा प्रकार होय.

यावर उपाय श्रमविभागणीचा आहे. आर्वीच्या परिसरात नित्य आढळणाऱ्या शंभर-दीडशे जाती जर स्थानिक मंडळींनीच पक्क्या करून घेतल्या, तर बहुतेक प्रश्न गावातच सुटतील. नेहमीच्या फुलपाखरासाठी बंगळुरू किंवा पुण्याच्या तज्ज्ञाचा वेळ खर्चण्याचे कारण नाही. विदर्भातील फुलपाखरांची २०११ साली प्रसिद्ध झालेली यादी १६७ जातींची आहे. हा आकडा एखाद्या चिकाटीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा नाही. जे खरोखर अनोळखी असेल तेवढेच वरच्या पायरीवर जावे आणि तेही तारीख, ठिकाण, अधिवास आणि पुरेशी छायाचित्रे यांसह. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा व्यवहार शंभर वर्षे असाच, पत्रांच्या रूपाने, चालत आला होता. फरक पडला आहे तो वेगात.

यंत्राचा सल्ला, माणसाचा संशय

आता या व्यवहारात यंत्रही उतरले आहे. अमेरिकेत २००८ साली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेले ‘आयनॅचरलिस्ट’, पक्ष्यांच्या नोंदींसाठीचे ‘ई-बर्ड’, २००८ सालीच सुरू झालेले ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ अशा मंचांवर भारतातील असंख्य हौशी निरीक्षक नोंदी करतात. यांतील काही ठिकाणी छायाचित्र दिले की यंत्र क्षणार्धात संभाव्य नावे सुचविते. ही सोय थोर आहे, यात शंका नाही. परंतु यंत्र शिकते ते त्याला दाखविलेल्या छायाचित्रांवरून. ज्या प्रदेशातून छायाचित्रे अधिक आली, तेथील जातींची त्याला अधिक ओळख. आर्वीच्या धुऱ्यावरील एखाद्या किड्याला ते खुशाल परदेशी नाव देऊन मोकळे होते, आणि ते नाव रोमन लिपीत, शास्त्रीय रूपात, ठामपणे आल्यामुळे नवख्या माणसाला ते वेदवाक्य वाटते.

या मंचांच्या रचनेत संशयाला जागा ठेवलेली आहे, हे विसरता कामा नये. आयनॅचरलिस्टवर मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचे जातीविषयी एकमत झाले तरच नोंद संशोधनास योग्य मानली जाते. ई-बर्डवर एखाद्या भागात, एखाद्या महिन्यात अनपेक्षित असलेला पक्षी नोंदविला, की त्या भागाचा स्वयंसेवक परीक्षक पुरावा विचारतो. ही व्यवस्था चांगली आहे. पण ती माणसांच्या स्वभावावर उभी आहे. मित्राने सुचविलेल्या नावाला भिडेखातर होकार देणारे दोघे-तिघे भेटले, की चुकीवरही एकमताचा शिक्का बसतो. आपल्याकडे वयाने, पदाने मोठ्या असलेल्या माणसाची चूक काढणे उद्धटपणाचे मानले जाते. जेथे शिष्य गुरुजींना ‘सर, शेंग पाहिल्याशिवाय हा तरोटा म्हणता येणार नाही’ असे सांगू शकत नाही, तेथे छायाचित्रे कितीही जमली तरी ज्ञान जमत नाही. चांगल्या निसर्गमंडळाची परीक्षा त्याने किती जाती नोंदविल्या यावरून करू नये. किती वेळा आपले मत मागे घेतले, यावरून करावी.

छायाचित्राच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. हिवाळ्यात येणारे काही वटवटे रंगरूपाने इतके सारखे असतात, की आवाज ऐकल्याशिवाय त्यांची जात सांगता येत नाही. अनेक कोळ्यांची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासूनच पटते. गवताच्या बाबतीत कणसाचे भाग उलगडून पाहावे लागतात. अशा ठिकाणी ‘जात निश्चित सांगता येत नाही’ हेच शास्त्रीय उत्तर होय, आणि ते देण्यात कमीपणा नाही.

नोंदवही कोणाची?

या सर्व खटाटोपाचा स्थायी लाभ गावाला कसा व्हावा, हा खरा प्रश्न आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ साली संमत झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी योजना आहे. माधव गाडगीळ यांनी लोकांच्या ज्ञानावर आधारलेल्या अशा नोंदवह्यांचा आग्रह दीर्घकाळ धरला होता. प्रत्यक्षात काम रेंगाळले. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत घालून दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपयांच्या भरपाईची तंबी दिली, तेव्हा सर्वत्र धावपळ उडाली. महाराष्ट्रात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. एवढ्या गावांच्या नोंदवह्या दंडाच्या धाकाने पूर्ण करावयाच्या म्हटल्यावर एका गावाची यादी दुसऱ्या गावाच्या नावावर चढण्याचा मोह कसा होतो, हे सरकारी कागदांशी परिचय असलेल्या कोणासही सांगावयास नको.

अशा नोंदवहीत प्राण फुंकण्याचे काम स्थानिक निसर्गमित्र करू शकतात. त्यांच्याजवळ तारीख-ठिकाणासह छायाचित्रे आहेत. गावातील गुराख्याजवळ, मधमाश्यांचे पोळे काढणाऱ्याजवळ, रानभाज्या विकणाऱ्या बाईजवळ नावे आणि उपयोग आहेत. आर्वीचा परिसर गवळाऊ गाईंचा. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या माणसाला कोणते गवत गुरे आवडीने खातात, कोणत्या झुडपाला तोंड लावीत नाहीत, कोणते फूल कोणत्या नक्षत्रात येते हे ठाऊक असते. त्याला वनस्पतीचे लॅटिन नाव ठाऊक नसते एवढेच. विद्यार्थ्याजवळ कॅमेरा आणि गुराख्याजवळ डोळा, असा हा संयोग आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून मेळघाट, नवेगाव, नागझिरा येथील रानात राहून आदिवासी आणि वनवासी मंडळींकडून पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या व्यवहाराची नावे गोळा केली आणि ती पक्षीकोशासारख्या ग्रंथांतून मराठीच्या स्वाधीन केली. २०२५ साली ते गेले. त्यांनी वेचलेल्या शब्दांमागे जी माणसे होती, तशी माणसे आजही गावोगावी आहेत. परंतु ती म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांची मुले गुरे चारीत नाहीत.

तालुक्यातील महाविद्यालयांनी हे काम सहज अंगावर घ्यावे असे आहे. दर वर्षी एका गावाची शिवारफेरी ऋतुवार करावी. प्रत्येक वनस्पतीचे व प्राण्याचे छायाचित्र, तारीख, ठिकाण, गावात प्रचलित असलेले नाव, पाठ्यपुस्तकातील नाव आणि ओळख कोणी पटविली त्याचा उल्लेख अशी नोंद ठेवावी. शंका असेल तेथे शंका असल्याचे लिहावे. याला मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. दुर्मीळ प्राण्याचे छायाचित्र ठिकाणासह जगजाहीर करणे म्हणजे चोराला घराचा पत्ता देणे होय. अंधश्रद्धेपोटी मांडुळाची तस्करी होते, खवल्यांसाठी खवले मांजर मारले जाते. घुबडाच्या घरट्यापाशी छायाचित्रकारांची रीघ लागली तर पिल्ले उपाशी राहतात. ओळख पटविण्यासाठी ठिकाण सांगणे आवश्यक असते, पण ते सर्वांना सांगणे आवश्यक नसते. हा विवेक कोणतेही यंत्र शिकविणार नाही.

निसर्गाविषयीचे प्रेम आजकाल शब्दांत पुष्कळ व्यक्त होते. त्या प्रेमाचा आरंभ नावापासून होतो. कारण ज्याला नाव नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. धुऱ्यावरची झुडपे तोडली गेली तर ‘झाडझुडूप’ गेले असे म्हणून माणूस पुढे जातो. तेथे पाच जातींची झुडपे होती आणि त्यांवर अमुक फुलपाखरे वाढत होती, हे ठाऊक असणारा क्षणभर थांबतो. आर्वीच्या एखाद्या रविवारी सकाळी पाच-सात माणसे एका छायाचित्राभोवती जमून ‘तरोटा की कासविंदा’ यावर वाद घालीत असतील आणि अखेरीस त्यांतील एखादा शेंग पाहण्यासाठी पुन्हा त्या पडीकाकडे निघत असेल, तर पुष्कळ काही साधले असे समजावे. त्याच्याबरोबर गुराखी असेल, तर आणखी उत्तम.